खाली सही कुणाची?

सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास एकदा बोटांना लागला की साबणाने जात नाही. १९९४ साली बी.ए. होऊन मी एका नगरपालिकेत लिपिक म्हणून लागलो, तेव्हापासून आठ-नऊ वर्षं तो वास माझ्या जेवणाच्या घासालाही यायचा. गावाचं नाव सांगत नाही. तशी गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मी कविता करतो, म्हणजे माझं मराठी बरं असणार, असा निष्कर्ष मुख्याधिकाऱ्यांनी काढला आणि मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावरून उचलून प्रेस नोटा लिहायला बसवलं. जनसंपर्क विभाग म्हणावा असं वेगळं काही नव्हतंच. एक टेबल, एक लाकडी कपाट आणि मी.

प्रेस नोटेची एक रीत होती. मी मजकूर हाताने लिहायचो. साहेब लाल शाईने त्यातली विशेषणं उडवायचे. मग तो टंकलेखक बाईंकडे जायचा, त्या स्टेन्सिल कापायच्या, शिपाई यंत्राचा दांडा फिरवून पंधरा प्रती काढायचा. प्रत्येक प्रतीवर जावक क्रमांक, गोल शिक्का आणि खाली उजव्या हाताला मुख्याधिकाऱ्यांची सही. एवढं झालं की मी सायकल काढायचो. चार दैनिकांचे बातमीदार आणि दोन साप्ताहिकं, सगळ्यांच्या हातात सहाच्या आत नोट पोचली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर माझी वाक्यं लोक मोठ्याने वाचताना ऐकू यायची. कवितेला एवढे वाचक मला आजवर मिळालेले नाहीत.

१९९६च्या उन्हाळ्यातली एक नोट मात्र मला आजही तोंडपाठ आहे. गावातल्या एका पेठेत नळाला गढूळ, वास येणारं पाणी येत होतं. गटाराच्या कडेने गेलेली जुनी जलवाहिनी कुठेतरी फुटली होती. दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले. बातमीदार विचारायला लागले. मला केबिनमध्ये बोलावलं गेलं आणि मी लिहिलं, ‘शहराचा पाणीपुरवठा शुद्ध व सुरळीत असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ साहेबांनी त्यातलं एकही विशेषण उडवलं नाही. नोट छापून आली. सहाव्या दिवशी फुटलेली जागा सापडली, दुरुस्ती झाली. दुरुस्तीची नोट काढायची नाही असं ठरलं, कारण ती काढली असती तर आधीची खोटी ठरली असती.

त्याच पेठेत माझी खाला राहायची. तिच्या नातवाला तीन दिवस सलाईन लावलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “वो पेपरमें का तूच लिख्या क्या रे बाबा?” मी म्हटलं, साहेबांची सही आहे खाली. ती काही बोलली नाही. पेरू कापून माझ्यासमोर ठेवला.

तेव्हापासून या धंद्याचा इतिहास वाचायची मला सवय लागली. पुरावा शोधावा तसा मी तो वाचत गेलो. आज जनसंपर्काबद्दल बोलायचं, समाजमाध्यमांनी हा व्यवसाय कसा बदलला ते सांगायचं, तर मला पहिल्यांदा तीच गोष्ट आठवते. नोट कुणीही लिहो, खाली सही कुणाची असते? आणि सही नसते तेव्हा काय होतं?

या व्यवसायाचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो आयव्ही ली हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. आधी न्यूयॉर्कमध्ये बातमीदार होता. १९०६ साली कोळसा खाणमालकांनी त्याला नेमलं. त्याने वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवलं. त्याचा आशय असा, की हे गुप्त वार्तालय नाही, आमचं काम उघड चालतं. आम्ही कुणातर्फे बोलतो ते सांगू. मजकूर जाहिरातीसारखा वाटला तर छापू नका. आणखी माहिती हवी असेल तर देऊ. आज यात काही नवल वाटणार नाही. पण तोवर कंपन्यांची रीत एकच होती, अपघात झाला की दारं बंद करायची. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या गाडीचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. लीने कंपनीला बातमी दाबू दिली नाही. कंपनीच्या नावानिशी माहितीपत्रक काढलं आणि बातमीदारांना घटनास्थळी नेलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते पत्रक जसंच्या तसं छापलं. जगातली पहिली प्रेस नोट म्हणून तिचा उल्लेख होतो.

याच माणसाची दुसरी बाजूही आहे. १९१४ साली कोलोराडोत लडलो इथे खाणकामगारांच्या संपावर गोळीबार झाला, बायकामुलं मेली. ली रॉकफेलर घराण्याच्या नोकरीत होता. त्याने काढलेल्या पत्रकांत संपाबद्दलची चुकीची माहिती होती. कवी कार्ल सँडबर्गने १९१५ साली लेख लिहून त्याला थेट ‘पगारी खोटारडा’ म्हटलं. एका कवीने एका जनसंपर्कवाल्याला असं म्हणावं आणि मी दोन्ही असावं, हे वाचताना मला जरा अवघडल्यासारखं झालं होतं. पण एक लक्षात घ्या. लीवर आरोप करता आला, कारण पत्रकं कुणी काढली ते ठाऊक होतं.

पुढच्या पिढीतल्या एडवर्ड बर्नेज याने ती अडचणच दूर केली. हा सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. ३१ मार्च १९२९ला, ईस्टरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरच्या संचलनात काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. स्त्रीस्वातंत्र्याच्या मशाली म्हणून त्याची बातमी झाली. बायका आपणहून बंड करताहेत असं देशाला वाटलं. पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीचे होते आणि बेत बर्नेजचा. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. बर्नेज १०३ वर्षं जगला, १९९५ साली वारला. म्हणजे मी सायकलवरून नोटा वाटत होतो तेव्हा हा गृहस्थ अजून हयात होता.

थोडक्यात, या धंद्याला पहिल्यापासून दोन पाय आहेत. एक सहीचा, एक बिनसहीचा.

आपल्याकडे हा व्यवसाय सरकारी आणि मोठ्या उद्योगांच्या वाटेने आला. १९२०च्या दशकात मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने प्रवासी वाढावेत म्हणून जत्रा-मेळ्यांत फिरता सिनेमा दाखवला. १९४०च्या दशकात टाटा समूहाने मुंबईत जनसंपर्क विभाग उघडला. १९५८ साली व्यावसायिकांची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यातली माहिती कार्यालयं आणि ‘लोकराज्य’ मासिक हे तर माझ्या पिढीच्या नोकरदाराला घरचंच. जिल्हा माहिती कार्यालयातून आलेला मजकूर कसा छापायचा, हे उपसंपादकाला सांगावं लागत नसे. या सगळ्यात एक गोष्ट समान होती. बोलायचं कधी, हे बोलणारा ठरवायचा. मधे वृत्तपत्र होतं, वृत्तपत्राला रात्र होती, आणि त्या रात्रीत विचार करायला, फोन करायला, कधी बातमी थांबवायलाही सवड मिळे.

ही सवड किती असे त्याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. ऑक्टोबर २००३मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. कंपनी म्हणाली, कारखान्यात अळी होऊच शकत नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. प्रशासन म्हणालं, मग तुमचं वेष्टन नीट नाही. हे सवाल-जवाब रोज सकाळी वृत्तपत्रांत आणि रात्री वाहिन्यांवर चालले. ऐन सणात खप घसरला. मग कंपनीने दुकानदारांना शिकवण्याची ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली, जानेवारी २००४मध्ये घट्ट वेष्टन आणलं आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभं केलं. म्हणजे चूक कुणाची या वादापासून नव्या वेष्टनापर्यंत तीन महिने. ज्या गृहिणीला अळी सापडली ती या सगळ्यात कुठे होती? ती तक्रारदार होती, बस. तिच्या वतीने प्रशासन बोललं, पेपर बोलले. तिचा स्वतःचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

तो आवाज ऐकू येऊ लागला ती घटना एका गायकाची आहे, आणि म्हणून मी ती जरा सविस्तर सांगणार आहे. डेव्ह कॅरोल हा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. ३१ मार्च २००८ला (योगायोग असा की बर्नेजच्या त्या सिगारेटींचीही तारीख ३१ मार्चच) तो आपल्या साथीदारांसह युनायटेड एअरलाइन्सने नेब्रास्कातल्या ओमाहाला निघाला होता. शिकागोच्या विमानतळावर विमान उभं असताना मागच्या आसनावरची प्रवासी ओरडली, की खाली गिटारी फेकताहेत. उतरल्यावर पाहतो तर साडेतीन हजार डॉलरची गिटार मोडलेली. दुरुस्तीला बाराशे डॉलर लागले. त्याने दाद मागितली. याने त्याच्याकडे पाठवलं, त्याने भलतीकडे. शेवटी उत्तर आलं, की तक्रार चोवीस तासांत केली नाही, सबब भरपाई नाही. नऊ महिने हे चाललं. ज्याने कधी सरकारी कार्यालयात खेटे घातले आहेत त्याला या नऊ महिन्यांचं वर्णन नको.

कॅरोलने शेवटच्या अधिकाऱ्याला कळवलं, की मी आता तुमच्यावर तीन गाणी करणार. ६ जुलै २००९ला त्याने पहिलं गाणं यूट्यूबवर टाकलं. एका दिवसात ते दीड लाखावर वेळा पाहिलं गेलं. नऊ महिने न हललेल्या कंपनीने त्याला आपणहून फोन केला. त्याने पैसे घेतले नाहीत. त्याच्या सांगण्यावरून कंपनीने तीन हजार डॉलर एका संगीत संस्थेला दिले. या गाण्यामुळे कंपनीचा शेअर कोसळला आणि कोट्यवधी डॉलर बुडाले असं हौसेने सांगितलं जातं. माझा त्यावर विश्वास नाही. शेअर बाजार गाण्यांवर चालत असता तर आम्ही कवी उपाशी कशाला राहिलो असतो! पण बदल खरा झाला तो दुसरीकडे. तक्रार फायलीतून बाहेर आली. ती सगळ्यांसमोर होती, तिच्यावर तारीख होती आणि खाली तक्रारदाराचं नाव होतं.

आपल्याला यात नवीन काय वाटावं? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांनी मैदानंच्या मैदानं गाण्याने हलवली होती. फरक इतकाच, की शाहिराला मैदान लागे, मंडप लागे, माणसं जमावी लागत. कॅरोलला यातलं काही लागलं नाही.

मजा पुढे आहे. हीच कंपनी, साल २०१७. मार्चमध्ये ‘पीआरवीक’ या जनसंपर्क व्यवसायाच्या नियतकालिकाने तिच्या प्रमुखाला वर्षातला उत्तम संवादक म्हणून गौरवलं. ९ एप्रिलला शिकागोतच एका ज्येष्ठ डॉक्टर प्रवाशाला, जागा सोडत नाही म्हणून, विमानातून फरफटत बाहेर काढलं गेलं. सहप्रवाशांनी फोनवर चित्रण केलं. प्रमुखाच्या पहिल्या निवेदनात, काही प्रवाशांची ‘पुनर्व्यवस्था’ करावी लागली, अशा अर्थाचे शब्द होते. जुन्या काळी हे निवेदन खपून गेलं असतं. ते वाक्य लिहिणारा कुणीतरी माझ्यासारखाच असणार, मला त्याचं टेबल डोळ्यांपुढे येतं. पण आता लोक एका डोळ्याने निवेदन वाचत होते आणि दुसऱ्याने रक्ताळलेला चेहरा पाहत होते. दोन दिवसांत कंपनीला स्वच्छ शब्दांत माफी मागावी लागली.

जनसंपर्कवाल्याची रात्र अशी गेली. भारतात याचा धडा २०१५ साली मॅगीने घेतला. शिशाच्या प्रमाणाची बातमी उत्तर प्रदेशातून आली, फोनवरून घराघरांत गेली, आणि कंपनी सुरुवातीचे कितीतरी दिवस तपासण्यांचे आकडे जमवत शांत राहिली. ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली. कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या प्रमुखाला दिल्लीत येऊन पत्रकार परिषद घ्यावी लागली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला, फेरतपासणी झाली, नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानात आला. कायद्याच्या लढाईत कंपनीची बाजू पुष्कळ अंशी टिकली. पण परत मागवलेला हजारो टन माल तोवर सिमेंटच्या भट्ट्यांत जळून गेला होता. गप्प राहणं ही पूर्वी या धंद्यातली मोठी विद्या होती. माझ्या साहेबांची तर तीच होती.

सरकारी कार्यालयांनीही हे लवकर ओळखलं. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ट्विटरवर कुणी लिहायचं, की गाडीत बाळ रडतंय, दूध नाही, आणि पुढच्या स्थानकावर दूध हजर व्हायचं. डिसेंबर २०१५मध्ये मुंबई पोलीस ट्विटरवर आले आणि पोलिसी भाषेला सवय नसलेल्या गमतीने बोलू लागले. लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं. तरी माझ्या मनात एक शंका राहिली ती राहिलीच. त्याच गाडीला पुढे-मागे जनरल डबे असतात. त्यातल्या बाईचंही बाळ रडत असतं. तिच्याकडे ट्विटर नाही, आणि असलं तरी इंग्रजीत चार ओळी लिहिणं नाही. आधी दाद मागायला रांग होती. रांग वाईट, पण तिच्यात तुमचा नंबर ठरलेला असे. नव्या व्यवस्थेत ज्याचं गाऱ्हाणं जास्त लोक पाहतात त्याचा नंबर आधी. जनसंपर्काच्या या कक्षांत बसलेली तरुण मुलं दिवसभर पडद्यावर कुणाचा आवाज चढतोय तेच बघत असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही; त्यांना नेमलंच त्यासाठी आहे.

इथवर सहीची बाजू झाली. बिनसहीचा पाय मधल्या काळात बळकट होत होता.

लंडनमध्ये बेल पॉटिंजर नावाची नावाजलेली जनसंपर्क कंपनी होती. तिचे एक संस्थापक टिम बेल हे मार्गारेट थॅचर यांचे प्रचारतज्ज्ञ. २०१६ साली या कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता कुटुंबाच्या उद्योगाचं काम महिना एक लाख पौंडांवर घेतलं. हे गुप्ता बंधू मूळचे आपल्या उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे. राष्ट्राध्यक्ष झुमांशी असलेल्या जवळिकीमुळे त्यांच्यावर टीका होत होती. ती टीका दुसरीकडे वळवायची म्हणून गोऱ्यांच्या मक्तेदारीविरुद्ध राग पेटवणारी मोहीम चालली, आणि तिला बनावट खात्यांच्या झुंडींनी वारा घातला. आर्थिक विषमता तिथे खरीच आहे, म्हणून तर ती पेटवणं सोपं गेलं. भेद उघड झाला तेव्हा ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनेने सप्टेंबर २०१७मध्ये बेल पॉटिंजरला पाच वर्षांसाठी काढून टाकलं. आठवडाभरात कंपनी बुडाली. बर्नेजला निदान खऱ्या बायका रस्त्यावर आणाव्या लागल्या होत्या. इथे ज्यांच्या नावाने राग व्यक्त होत होता, त्यातली कितीतरी माणसं जन्मालाच आलेली नव्हती.

आपल्याकडे पैसे घेऊन केलेल्या स्तुतीवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा, असे नियम मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी केले. एकशे पंधरा वर्षांपूर्वी लीने जे लिहून दिलं होतं तेच, फक्त आता ते पुन्हा सांगावं लागलं.

पण हे सारं अजून कंपन्यांचं झालं. जिथे मागे कुणी कंपनीही नसते तिथलं सांगायचं तर मला रायनपाड्याचं नाव घ्यावं लागतं.

२०१८ साली मुलं पळवणारी टोळी आल्याचे व्हॉट्सअॅप निरोप देशभर फिरत होते. त्यांच्यासोबत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यातलं मूल उचलून नेतात. ती चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेश दिसतो, की मूल पळवायला इतकाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. कुणीतरी शेवट कापला. संस्थेचं नाव त्या शेवटातच होतं, तेही गेलं. म्हणजे जनसंपर्काचा एक अगदी सद्हेतूचा नमुना, त्याची सही कापल्याबरोबर, अफवा झाला.

१ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात रायनपाड्याला बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकरी जमावाच्या हाती सापडले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मागून खाणारी, गावोगाव फिरणारी माणसं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावाने ठार मारलं. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मारणाऱ्यांची नावं कळली. निरोप पहिल्यांदा लिहिणाऱ्याचं नाव कुठे आहे?

त्यानंतर जे घडलं त्याची नोंद इतिहासाने घ्यावी असं मला वाटतं. दहा दिवसांच्या आत व्हॉट्सअॅप कंपनीने भारतातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. खोटे निरोप ओळखा, पुढे पाठवण्याआधी विचार करा. त्याच ऑगस्टमध्ये आकाशवाणीवरूनही तिचे संदेश ऐकू येऊ लागले. निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादाही भारतात तेव्हाच आली. ज्या माध्यमाने छापील कागदाची आणि रेडिओची गरज संपवली असं आम्ही ऐकत होतो, त्यालाच आपल्यावर विश्वास ठेवा असं सांगायला छापील कागद आणि रेडिओ लागला. मी ते पान कापून ठेवलंय. खाली नाव आहे.

आता पुन्हा माझ्या गावी येतो. सायक्लोस्टाइल केव्हाच भंगारात गेलं होतं. कार्यालयाचं फेसबुक पान होतं, प्रभागवार व्हॉट्सअॅप गट होते आणि ते सांभाळायला पुन्हा मीच. एक फायदा मी डोळ्यांनी पाहिला. २०१७ साली त्याच पेठेत पुन्हा गढूळ पाणी आलं. एका कॉलेजच्या मुलाने सकाळी सातला बादलीचा फोटो टाकला. आठला नगराध्यक्षांचा फोन, दुपारी दोनला खड्डा खणलेला, रात्री पाणी स्वच्छ. मी काही लिहायच्या आत सगळं झालं होतं. १९९६ साली त्या कामाला सहा दिवस लागले होते आणि एक खोटं वाक्य. त्या दिवशी त्या पोराला मी मनातल्या मनात सलाम केला. खाला तेव्हा नव्हती.

मग २०१९चा पावसाळा. रात्री साडेनऊच्या सुमाराला एक निरोप सुटला, की उंच टाकीत विष कालवलंय, पाणी पिऊ नका. तासाभरात त्याला दुसरी ओळ जोडली गेली, कुणी कालवलं त्याची. नाव नव्हतं, मोहल्ल्याचं नाव होतं. माझा मोहल्ला. मुख्याधिकारी नवे होते, भले गृहस्थ. आम्ही दोघांनी अर्ध्या तासात खुलासा तयार केला. पाण्याचा नमुना तपासला, पाणी सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. या वेळी प्रत्येक शब्द खरा होता. साहेब म्हणाले, “गटावर तुम्हीच टाका, तुम्हाला सगळे ओळखतात.” खाली माझं नाव आणि हुद्दा घालून मी तो टाकला.

पहिलं उत्तर तिसऱ्या मिनिटाला आलं. ‘हे असंच सांगणार.’ मग खाली हसण्याच्या चित्रांची रांग. लिहिणारा माझ्या मुलाच्या वर्गशिक्षकांचा भाऊ. पंचवीस वर्षं मी या गावाला पाणी कधी येणार ते सांगत आलो. खोटी नोट काढली तेव्हा गावाने ती खरी मानली, कारण खाली शिक्का होता. खरी काढली तेव्हा लोकांनी मजकूर वाचलाच नाही, खालचं नाव वाचलं.

अम्मी आतल्या खोलीत होती. तिला काही कळू नये म्हणून मी फोनचा आवाज बंद केला. रस्त्यावर मोटारसायकली फिरायला लागल्या होत्या. साहेबांनी पोलीस निरीक्षकांना फोन लावला, तेही निघाले. तेवढ्यात मला तात्या आठवले. तात्या म्हणजे आमचे व्हॉल्व्हमन. तीस वर्षं पहाटे चारला उठून भागाभागात पाणी सोडणारा माणूस. फेटा, विडी आणि खांद्यावर ती लांब लोखंडी चावी. गावात नगराध्यक्षांना न ओळखणारी घरं असतील, तात्यांना न ओळखणारं एक नाही. मी त्यांना झोपेतून उठवलं. ते म्हणाले, “भाई, मला ते मोबाइलवर बोलायचं जमायचं नाही.” म्हटलं, बोलू नका, फक्त पाणी प्या.

रात्री अकराला आम्ही टाकीखाली गेलो. साहेबांच्या चालकाने गाडीचा दिवा तात्यांवर धरला, मी फोन धरला. तात्यांनी चावी फिरवली, तोटी सोडली, तांब्या भरला, गटागटा प्याले, मिशीवरचं पाणी पुसलं. मग न राहवून म्हणालेच, “मी तात्या. टाकी मीच भरली. पहाटं चारला सोडतो, भरून घ्या.” सव्वीस सेकंदांची फीत. कार्यालयाचं नाव नाही, शिक्का नाही, माझंही नाव नाही.

ती किती लोकांनी पाहिली ते मोजायची सोय तेव्हा माझ्या फोनमध्ये नव्हती. रस्ता साडेबाराच्या सुमाराला शांत झाला. पोलिसांची गाडी चौकात उभी होतीच, तेव्हा श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही. पहाटे चारला मी जागाच होतो. आधी आमच्या गल्लीतल्या नळांना हवा आली, मग पाणी. पलीकडच्या आळीतही कळशा वाजल्याचा आवाज ऐकू आला.

‘हे असंच सांगणार’ लिहिणाऱ्या गृहस्थांनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी पुसून टाकलं. बाजारात भेटलो की आम्ही एकमेकांची विचारपूस करतो. तात्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभाची प्रेस नोट मी लिहिली, आणि खाली साहेबांच्या सहीशेजारी, नियमात बसत नसताना, तात्यांचा अंगठा घेतला.